भरती असेपर्यंत

सिद्धार्थनगर, कोल्हापूर
रविवार, १२ नोव्हेंबर २००६

चि. प्रसेनजीत यास आक्काचा सप्रेम जयभीम.

तुझं पत्र शुक्रवारी मिळालं. पाकिटावरचं अक्षर लगेच ओळखलं. गॅस बंद केला, खाली बसले आणि मग उघडलं. सात वर्षांत तुझी दोनच पाकिटं आली, दोन्ही मुरगूडच्या घराच्या उताऱ्यासाठी, आणि दोन्हींत वर 'श्रीमती विशाखा यांस' असं लिहिलं होतंस. या खेपेला 'आक्का' लिहिलंस. तेवढ्या एका शब्दापाशी मी बराच वेळ थांबले. पुढचं वाचलं तेव्हा कळलं, का लिहिलंस ते.

माझं बरं चाललंय. गुडघे कुरकुरतात, पण चालवतात. सूतगिरणी बंद पडली हे तुझ्या कानावर आलं असेलच. आता मी शाळेत पोरांची खिचडी शिजवते. सकाळी सातला जाते, दोनला मोकळी होते. गिरणीबरोबर माझं विमा कार्डही गेलं. आता आजारी पडायची सोय राहिली नाही, म्हणून पडत नाही.

हे पत्र टपालात टाकत नाही. शेजारचा जोतीराम उद्या सकाळच्या एसटीनं पिंपरीला निघालाय, त्याच्या हाती देते. तू नंबर दिलायस, पण हे फोनवर बोलायचं नाही. फोनवर माझा आवाज चढतो, मग तुझाही चढतो, आणि ज्यासाठी फोन केला ते राहूनच जातं.

तू विचारलंयस ते आधी.

तू लिहितोस, सोनमच्या पोटातलं दुखणं आता लिव्हरपर्यंत गेलंय आणि डॉक्टरांनी उपचार थांबवलेत. येत्या शनिवारी तुला सही द्यायची आहे. एकतर तिला दवाखान्याच्याच शेवटच्या आजाराच्या केंद्रात हलवायचं, नाहीतर घरी न्यायचं. आणि तुला एवढंच हवंय की तुझ्या कंपनीच्या विमा कार्डावर बायको म्हणून तिची दुखण्याची गोळी कुठं मिळेल आणि कुठं बंद होईल. 'तू आईच्या वेळी हे सगळं केलंयस, तुला माहीत असणार,' असं लिहिलंयस. आहे माहीत. इतकं माहीत आहे की विसरता आलं तर बरं होईल.

माझं सगळं १९९९ चं आहे आणि कोल्हापूरचं आहे. पुण्याकडं काही वेगळं असेल, आता सुधारलंही असेल, म्हणून हे वाचून तिथं पुन्हा विचार. पण मूळ रीत अशी. कामगार विम्यात माणूस भरती असेल तोवर त्याचं सगळं औषध वॉर्डातून येतं. सलाईन, इंजेक्शन, ती दुखण्याची गोळी, झोपेची, मळमळीची, सगळं. तुला बाहेरून काही आणावं लागत नाही. फक्त विमा दवाखान्याच्या डॉक्टरांचं पत्र लागतं, आणि ते पंधरा दिवसांचंच असतं. सोळाव्या दिवशी नवं पत्र वॉर्डात नसेल तर सिस्टर चांगली असली तरी तिचे हात बांधलेले असतात. मी चौदाव्या दिवशीच रांगेत उभी राहायचे. तूही तेच कर. शनिवार-रविवार मध्ये येतात का ते आधी बघ.

केंद्रात हलवताना एकच गोष्ट बघायची. तिथं तिची नोंद भरती म्हणून होते की नुसती राहायची सोय म्हणून. भरती असेल तर औषध चालू राहतं. नुसती सोय असेल तर खाट मिळते, जेवण मिळतं, आणि औषधाला लोक एकमेकांच्या तोंडाकडं बघतात. हे कागदावर लिहून घे, तोंडी ऐकू नकोस.

घरी नेलंस तर मात्र तिचं नाव वॉर्डातून निघतं आणि विमा दवाखान्याकडं जातं. म्हणजे ते कपाट. आपल्या इथलं कपाट तू पाहिलंयस. तापाची गोळी, पित्ताची, रक्तवाढीची, खोकल्याचं लाल औषध. दुखण्याची ती खरी गोळी त्या कपाटात नसते. तिला परवाना लागतो, कुलूप लागतं, रजिस्टर लागतं. मेडिकलच्या दुकानातही नसते. आमच्या वॉर्डात तर सिस्टर गोळी हातावर द्यायची, समोर गिळायला लावायची, तोंड उघडून बघायची आणि मग सही करायची. हा नियम कुणा दुष्ट माणसानं केलाय असं मला वाटत नाही. ज्यानं केला त्यानं दुखणारं माणूस घरात बघितलं नसेल, एवढंच.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं, की खाटेवर आहे तोवर गोळी आहे. घरी गेल्यावर ती कोण देणार, हे सहीच्या आधी विचारून ठेव. तुमच्याकडं आठवड्याच्या गोळ्या घरी देत असतील तर फार चांगलं. आमच्याकडं देत नव्हते.

पत्र इथं संपवायचं असं मी ठरवलं होतं.

मध्ये उठले होते. नळाला पाणी आलं, ते भरून घेतलं, चहा केला, तो प्याले. वाटलं होतं तेवढ्यात पुढचं लिहायचा इरादा बदलेल. बदलला नाही. तुझ्या पत्राच्या शेवटी ती ओळ नसती तर मी गप्पच राहिले असते. तू लिहिलंयस, 'सोनमला काही सांगितलेलं नाही. अल्सर आहे म्हणून सांगितलंय. शनिवारचं मीच ठरवणार, तिला कशाला त्रास.'

हे वाक्य मी ओळखते, प्रसेन. सात वर्षांपूर्वी ते माझं होतं.

तुला आठवतं तेवढं आधी लिहिते. आईला जानेवारीत भरती केलं, माझ्या कार्डावर, माझी आश्रित म्हणून. फेब्रुवारीत सात नंबर वॉर्डात हलवलं. सहा खाटांचा तो वॉर्ड, ज्यांच्यावर आता करण्यासारखं काही उरलं नाही त्यांचा. मार्चमध्ये ती गेली. या सगळ्यात तू पाच वेळा आलास आणि पाचही वेळा तिनं तुझा हात धरून एकच सांगितलं, मला मुरगूडला न्या. तू माझ्याकडं बघायचास आणि मी म्हणायचे, डॉक्टर सोडत नाहीत. मग आईच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी, सगळी माणसं जेवून गेल्यावर, तू मला म्हणालास, "तुझ्या पाळीसाठी तू आईला तिथं ठेवलीस. घरी आणली असती तर तुला गिरणी सोडून बसाय लागलं असतं." तू बॅग उचललीस आणि गेलास.

मी बोलले नाही, कारण तू म्हणालास त्यापेक्षा खरं जे होतं ते सांगायला मला जास्त भीती वाटत होती. आणि पाळीचंही अगदीच खोटं नव्हतं. मी दमले होते. पहिली पाळी करून तीनला सुटायचं, धावत वॉर्डात जायचं, सातला तिथून निघायचं. मुरगूडला नेलं असतं तर रजा बिनपगारी झाली असती, आणि नंतर कदाचित परत घेतलंही नसतं. हे माझ्या मनात येऊन गेलं. ते कारण नव्हतं, पण येऊन गेलं. ते तुला कसं दिसलं कोण जाणे.

डॉक्टर सोडत नव्हते, हे मात्र खोटं.

आता नीट क्रमानं सांगते.

आईचं पाचवं शील, कसलीही नशा न करण्याचं, तुला माहीत आहे. बाबा दारूनं गेले, तेव्हापासून तिनं ते इतकं घट्ट धरलं की गल्लीतल्या बायका तिला पोलीसपाटलीण म्हणायच्या. खोकल्याच्या औषधाला वास येतो म्हणून तिनं बाटली मोरीत ओतलेली तुझ्यासमोरच. तू पिंपरीला निघालास तेव्हा विहारात नेऊन तुझ्याकडून वदवून घेतलं होतं. तू अजून घेत नाहीस, हे मला ठाऊक आहे.

वॉर्डात धोंडुबाई म्हणून आया होती. चांगली बाई, आईचे पाय दाबायची, केस विंचरायची. फेब्रुवारीतल्या एका सोमवारी तिनं आईला कौतुकानं सांगितलं, "मीनाबाई, ही गोळी लई भारी हाय. अफूपास्नं करत्यात. म्हणून तर तुमाला झ्वाप लागती." झालं. आईनं दुसऱ्या दिवशी सकाळी गोळी तोंडात घेतली नाही. सिस्टरनं समजावलं, मी पाळी सुटून पोचल्यावर समजावलं, राजशेखर डॉक्टरांनी समजावलं. तिचं एकच. "अठरा वरसं पाळलंय. आता जाता जाता शील मोडाय लावू नगंस."

मंगळवार सकाळपासून बुधवार दुपारपर्यंत तिनं एकही गोळी घेतली नाही. बुधवारी मी पाळीला गेलेच नाही. त्या दीड दिवसाबद्दल मी कुणालाही काही सांगितलेलं नाही, तुलाही सगळं सांगणार नाही. एवढंच सांगते, आई त्रिसरण म्हणायला लागली आणि तिला 'बुद्धं सरणं' च्या पुढं जाता येईना. पुन्हा सुरू करायची, पुन्हा तिथंच तुटायचं. पदराचा काठ तिनं दातांनी चावून फाडला. शेजारच्या खाटेवरची बाई, जी स्वतः मरत होती, ती माझ्याकडं बघून म्हणाली, काहीतरी कर गं पोरी.

मी केलं. बुधवारी दुपारी सिस्टरकडून गोळी हातात घेतली, चमच्यात कुटली, पेजेत घातली आणि आईला म्हटलं, ही पित्ताची आहे, ती दुसरी बंद केली. सिस्टरनं तोंड फिरवलं आणि रजिस्टरवर सही केली. आईनं माझ्याकडं बघितलं. मी खोटं बोलत नाही यावर तिचा विश्वास होता. ती पेज प्याली.

अर्ध्या तासानं तिचे हात सैल पडले. मी बाहेर व्हरांड्यात जाऊन रडले. सुटल्यासारखं वाटलं, आणि तिच्या ताटात विष कालवल्यासारखंही वाटलं, दोन्ही एकदम. त्यानंतर शेवटपर्यंत ती गोळी रोज अशीच गेली.

पुढच्या सोमवारी राजशेखर डॉक्टरांनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं. वयानं तुझ्याएवढेच असतील, निपाणीकडचे, बोलायला अगदी मऊ. ते म्हणाले, इथं ठेवून आता आमच्याकडून वेगळं काही होणार नाही, आजी रोज घरचं नाव काढतात, तुम्ही त्यांना घरी न्या. मी विचारलं, गोळी? ते म्हणाले, ती बरोबर देता येणार नाही. विमा योजनेतून ही गोळी भरती असलेल्यालाच मिळते. बाहेर पडल्यावर दवाखान्याच्या कपाटात असेल ते. त्यांना ते सांगताना स्वतःचीच लाज वाटत होती, हे मला दिसत होतं.

मी म्हटलं, मग नको, राहू दे इथंच.

ते म्हणाले, "आजींना विचारलंत?"

मी म्हटलं, "विचारलं."

प्रसेन, एवढंच आहे. एवढं एक वाक्य सांगायला मला सात वर्षं आणि हे चौथं पान लागलं. मी विचारलं नव्हतं. डॉक्टरांच्या खोलीतून उठून मी आईच्या खाटेपाशी गेले. तिनं विचारलं, "काय म्हनला डाक्टर? सोडतोय न्हवं?" आणि मी म्हटलं, आठवड्यानं बघू म्हणालेत.

तिथून एकोणीस दिवस ती जगली आणि एकोणीस दिवस मी हेच सांगत राहिले. तू शनिवारी रात्री पोचायचास, रविवारी भेटायचास, सोमवारी पहाटेच्या गाडीनं परत. तुझा एक फोन आला होता की मी गुरुवारी येतो, डॉक्टरांशी बोलतो. मी तुला म्हटलं होतं, रविवारीच ये, गर्दी कमी असते. रविवारी डॉक्टर नसायचे, म्हणून.

आणि आईनं सगळा राग डॉक्टरांवर धरला. धोंडुबाईकडून लुगडं घडी करून घेऊन तिनं एक गठुडं बांधलं होतं, मुरगूडला जायचं म्हणून, ते पायापाशी ठेवायची. डॉक्टर तपासायला आले की ती भिंतीकडं तोंड करायची. त्यांनी जयभीम म्हटलं तरी उत्तर द्यायची नाही. एकदा त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, आजी माझ्यावर का रागावल्यात, माझं काही चुकलं का? मी म्हटलं, वय झालंय. तो भला माणूस मान हलवून गेला. शेवटच्या आठवड्यात एक दिवस आईनं ते गठुडं मला सोडायला लावलं आणि म्हणाली, "ठेव आत. ह्यो मेला न्हाय सोडत मला." ज्यानं तिला सोडलं होतं त्यालाच शिव्या देत ती गेली, आणि जिनं अडवली होती तिच्या मांडीवर डोकं ठेवून गेली.

ती शांत गेली, हे मी तुला सांगितलं होतं. ते खरं आहे. दुखत नव्हतं तिला. तेवढं मी मिळवलं, आणि कशाच्या बदल्यात मिळवलं ते आता तुला कळलं.

तुला वाटेल, मग चूक काय केलीस, दुसरं काय करणार होतीस. मीही स्वतःला हेच सांगायचे. पुढच्या वर्षी वैशाखात विहारात बौद्धाचार्यांशी बोलता बोलता मी सहज विचारावं तसं विचारलं, दुखण्यासाठी अफूची गोळी घेतली तर शील मोडतं का? ते हसले नाहीत. म्हणाले, औषध म्हणून घेतलं तर कसं मोडेल? नशेसाठी घेतलं तर मोडतं. आणि मग म्हणाले, कुणाला सांगायचं असेल तर मला बोलवा, मी येऊन समजावतो. ते विहारापासून वॉर्डापर्यंत सायकलनं दहा मिनिटांत आले असते. आईनं त्यांचं ऐकलं असतं. गोळी तिनं उजळ माथ्यानं घेतली असती. मला सुचलंच नाही. मी तिच्या वेदनेला इतकी भ्याले होते की तिला डोकं आहे, तिला मत आहे, हेच विसरले. लहान पोराला औषध पाजावं तसं मी आईला वागवलं. आणि ती कोण बाई होती, तुला माहीत आहे. नवरा झिंगून दारात आला तर त्याला सगळ्या गल्लीसमोर बाहेर उभा करणारी बाई.

मुरगूडला नेली असती तर काय झालं असतं, याचा मी फार विचार केला. गोळी नाही, म्हणजे ते दीड दिवस पुन्हा, आणि किती दिवस ते कुणाला माहीत. माझा निर्णय कदाचित बरोबरच होता. पण तो माझा नव्हता.

आता सोनमचं.

तुला एक सांगते, रागावू नकोस. सोनम मला दर वर्षी धम्मचक्र दिनाला कार्ड पाठवते. तुला न सांगता. पहिल्या वर्षापासून. तुमच्या लेकीची, मित्राची, उंची किती झाली, तुझी बदली कुठल्या खात्यात झाली, कुठल्या भाजीनं तुला पित्त होतं, असलं सगळं. तुझी खबर मला तिच्याकडूनच आहे. या वर्षीचं कार्ड ऑक्टोबरात आलं. तिनं लिहिलंय, 'मित्राला स्वतःची वेणी स्वतः घालायला शिकवलं. भात लावायलाही शिकवतेय. अजून पाणी चुकतं. आक्का, तुम्ही एकदा इकडे या, मित्राला तुमची ओळख असायला हवी.'

मी ते कार्ड तेव्हा वाचलं आणि नुसतं बरं वाटलं. तुझं पत्र आल्यावर पुन्हा काढून वाचलं. नऊ वर्षांच्या पोरीला कुणी इतक्या घाईनं भात लावायला शिकवत नाही, प्रसेन. तिला माहीत आहे. तू अल्सर म्हणतोस आणि तुला बरं वाटावं म्हणून ती अल्सर म्हणते. एका घरात दोघं एकमेकांपासून तेच लपवताय. तिला तुझ्याशी बोलायचं असेल आणि तू तिला बोलू देत नाहीस. मित्राला कुणाकडं ठेवायचं, तिच्या आईला कधी बोलवायचं, कुठं पडायचं, कुणाचा हात धरायचा. हे तिचं आहे.

तिची गोळी कुठं मिळेल ते मी वर लिहिलंय. ते चारदा वाच आणि गुरुवारच्या आत सगळं विचारून घे. केंद्रात भरती होते का, घरी गोळी देतात का, देत असतील तर किती दिवसांची, पत्र कुणाचं लागतं. देत नसतील तर तेही नीट समजून घे. कारण हे सगळं तुला तिला सांगायचं आहे. घरी नेलं तर गोळी मिळणार नसेल तर तसं सांग. केंद्रात मित्राला रोज येऊ देणार नसतील तर तेही सांग. गोड करून सांगू नकोस. मग गप्प बस. ती लगेच बोलली नाही तरी गप्प बस. रडली तर रडू दे, तू डॉक्टरला बोलवायला उठू नकोस.

आणि ती घर म्हणाली आणि तुला तिचं दुखणं बघवणार नाही असं वाटलं, तर तेही तिलाच सांग. मी आईला ते सांगितलं नाही. मी म्हणायला हवं होतं, आई, मला बघवत नाही गं. कदाचित ती म्हणाली असती, बरं बाई, मग दे ती गोळी, ऱ्हाते हितंच. कदाचित म्हणाली असती, तुला बघवत न्हाय तर तू भाईर बस, मला घरला ने. तिच्या दोन्ही आवाजात मी हे ऐकून बघितलंय, पाळीवरून येताना, खिचडी ढवळताना. खरा आवाज कुठला असता ते मला कधीच कळणार नाही. ते कळायला एकच रस्ता होता आणि तो मी बंद केला.

हे सगळं वाचून तुला माझ्याशी पुन्हा बोलावंसं वाटणार नाही, असं होऊ शकतं. तू पाळीवरून बोललास तेव्हा मला वाईट वाटलं होतं. आता तू जे बोलशील ते माझं आहे, मी ऐकेन. पण शनिवार झाल्यावर बोल. आत्ता तुला माझ्यावर रागवायला वेळ नाही आणि सोनमलाही नाही.

शाळेत मी सांगून ठेवलंय की मला पंधरा-वीस दिवस जावं लागेल. बनाबाई माझ्या जागी खिचडी करेल. गुरुवारी संध्याकाळी तू तिच्याशी बोल आणि शुक्रवारी सकाळी जोतीरामच्या भावाच्या दुकानात फोन कर, नंबर जोतीराम देईल. ते मला लगेच निरोप देतील. घर म्हणाली तर मी घरी येते, तिला उचलायला, धुवायला, मित्राचं बघायला. केंद्र म्हणाली तर केंद्रात येते, तू कामावर गेलास की तिच्याजवळ बसायला. मला येऊ नका म्हणाली तर येणार नाही, त्याचंही वाईट वाटून घेणार नाही.

यातलं काय करायचं ते तू मला कळवू नकोस. ती काय म्हणाली ते कळव.

तुझी,
विशाखा